खिंडीपलीकडचं माहेर

माझ्या सासरच्या ओट्यावर बसलं की माहेरची वाट दिसायची. गाडवाट चोपड्याच्या बाजाराला जायची, ती पुरुषांची. ढोरवाट जंगलात शिरायची, तिथून आम्ही बाया मोळ्या आणायचो. आणि ही पायवाट, सालईच्या झाडांतून चढत चढत खिंडीत नाहीशी होणारी, ती माझी. माझी म्हणायची आपली! तिच्यावर पाऊल ठेवायला भाऊ न्यायला यावा लागे. एकटी सून खिंड चढताना दिसली तर ती पळाली, असंच गाव समजे.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते. झोके, गाणी, पोटभर झोप. भाऊ न्यायला आला की त्याला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर भावकी तोंडात शेण घालते. माझ्या सासूने त्यावर तोड काढली होती. ती गोड हसून म्हणायची, "न्या ना भाऊ, तुमचीच शे ती." आणि आम्ही उंबरा ओलांडला रे ओलांडला की माझ्या विधवा जावेला रिकामा हंडा देऊन समोरून पाठवायची. आधीच विधवा, त्यात हंडा रिकामा! माझा भाऊ पाय मागे घ्यायचा आणि पाणी पिऊन एकटाच परत जायचा. लागोपाठ दोन आखाज्या माझ्या अशाच गेल्या.

जाऊ पहिल्या वेळी नाही म्हणाली होती. सासूने चुलीतलं जळतं लाकूड तिच्या मनगटाला टेकवलं. त्यानंतर ती सांगायच्या आत हंडा उचलायची.

त्या वर्षी लढाई चालू होती, रॉकेल मिळेना, सासू सगळ्यांवर करवादलेली. त्यातच खिंडीपलीकडून निरोप आला की माय अंथरुणाला खिळली आहे, सारखं माझं नाव घेते. भाऊ आला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. मी कधीची तयार. उंबऱ्याबाहेर पडलो, आणि आलीच जाऊ, मान खाली घालून. भाऊ थबकला.

"अक्का, तू ऱ्हाय. माय आजारी शे. असा अपशकुन घेऊन तुले घर नेऊ?"

एवढं बोलून तो चालू लागला. सासू ओट्यावर सुपारी कातरत होती. "पुढच्या साली जाशील व," म्हणाली.

पुढच्या साली काय, मायच्या दिवसांना जाऊ? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! मी पदर खोचला आणि निघाले. "गेलीस तर या दारात पुन्हा पाय ठेवू नको," सासू मागून ओरडली. "नाही ठेवत, जा!" म्हटलं.

वैशाखातली ती वाट. सागाची पानं झडलेली, सावलीचं नाव नाही, दगड तव्यासारखे तापलेले. पायात वहाण नव्हती. सुनेला कोण देतंय वहाण! भाऊ पुढे, मी मागे. तो वळून वळून मला मागे फिरायला खुणवत होता. मी ऐकेना, तसा त्याने दगड उचलून फेकला, चुकार ढोराला फेकतात तसा. गुडघा फुटला माझा. शिव्या देत मी चढतच राहिले. खिंडीत म्हसोबापाशी तो दम खायला बसला, तिथे त्याला गाठलं.

"काय रे मुडद्या, विधवा आडवी गेली म्हणून बहिणीला दगड मारतोस? बाप मेल्यापासून आपली माय कोण शे मग? रोज तिचंच तोंड पाहून वावरात जातोस ना?"

तो चिडलासुद्धा नाही. लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, "नही अक्का. सकाळले तिना खोलीले बाहेरून कडी लावस मी. मी वावरमा गया का बायको काढी देस."

माझी माय, जिने याला पाठीवर बांधून कापूस वेचला, तिला हा रोज सकाळी कोंडून ठेवत होता! आणि बोलत होता कसा, तर गाय गोठ्यात बांधली म्हणावं तसा. मग माझ्या ध्यानात आलं.

"तुझी बायको कुठे शे?"

"तिना भाऊ काल माहेरले लई गया. आखाजी शे ना."

"मग आज कडी कोणी काढली?"

तो पहाटेच घरातून निघालेला. आता ऊन डोक्यावर होतं. तो वहाणेतला खडा काढत म्हणाला, "सांजले वावरमातून आलो का मी काढसूच ना."

त्याच्यावर थुंकावं असं वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. ती उतरण मी धावतच उतरले, दोनदा पडले. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या खोलीला कडी. पाण्याचा माठ बाहेर, पडवीत.

मी कडी काढली. माय अंथरुणावर नव्हती. सरपटत दारापर्यंत आली होती आणि तिथेच जमिनीवर पडली होती. ओठ फुटलेले. एकदम उजेड आल्यावर तिला मी ओळखू आले नाही, सूनच वाटले. तिने घाईघाईने तोंडावर पदर ओढला, भिंतीकडे वळली आणि हळूच विचारलं, "गया का व तो? आता बाहेर येऊ का?"