वत्सलामावशींचं वायफाय

दोन वर्षं मी वत्सलामावशींचं वायफाय चोरून वापरलं. हे आजवर एक माणूस सोडला, तर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला मी सांगितलं होतं की, ते ऑफिसकडून मिळतं, आणि तिनं ते माहेरी जाऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. मी पन्नाशीचा माणूस, पंचायत समितीत कारकून, कपाळाला रोज अष्टगंध. माझ्यावर कोण संशय घेणार?

उमरखेडला मावशींचं आणि आमचं घर एका भिंतीला भिंत लावून होतं. मी फुलसावंगीहून बदली होऊन नवा राहायला आलो, तेव्हा ओळख करून द्यायला त्यांच्याकडे गेलो. माझं गाव, शिक्षण, बदल्या, असं सगळं सांगत होतो. मावशी मान हलवत ऐकत होत्या. मध्येच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सपाट आवाजात म्हणाल्या, "तीन मिनटं झाले. वाढवाचे काय?"

मी उठायलाच लागलो. मग त्या खळखळून हसल्या. सारी नोकरी त्यांनी टेलिफोन केंद्रात ऑपरेटर म्हणून काढलेली. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की, मध्ये तोंड घालून हे विचारावं लागे. नोकरी संपली, ट्रंक कॉल संपले, पण वाक्य राहिलं. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलं आहे. सासूची तक्रार सांगणाऱ्या सुनेलाही त्या हेच विचारत, आणि ती म्हणे, "वाढवा मावशी, अजून नणंद बाकी हाय."

तालुक्याची अर्धी गुपितं त्यांच्या कानावरून गेलेली. कोणाची सोयरीक कुठं मोडली, कोणत्या वकिलाने कोणाला काय कबूल केलं, सगळं. पण तोंडातून एक अक्षर नाही. म्हणायच्या, "लाईन जोडाची, कान जोडाचा नाही." पलीकडच्या घरातल्या कुसुमबाई तीस वर्षं त्यांच्याकडून एक तरी भानगड काढायला टपलेल्या.

"आता तं तो मानूस मरून बी गेला वं वत्सले. आता काय होते सांगाले?"

"मेल्यावर लाईन कटते. गुपित नाही कटत."

"जा वं! पाषाण हाय तू."

कुसुमबाई म्हणजे कापूस-तुरीच्या शेतीवाल्या घरची बाई. आडवा बांधा, आवाज मोकळा. दोघींच्या अंगणांत कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावरून वाटी फिरायची. इकडून झुणका गेला की, तिकडून त्याच वाटीत लोणचं. रिकामी वाटी परत करायची नाही, हा दोघींचा कायदा. तीस वर्षं ती वाटी नेमकी कोणाची, हे दोघींनाही आठवत नव्हतं.

मावशींची मुलगी बंगळूरला. तिनं आईकडे वायफाय लावून घेतलं, रोज संध्याकाळी सातला नातीचं तोंड दिसावं म्हणून. लावणारा आला, डबी भिंतीला ठोकली, पासवर्ड डबीच्या बुडाशी छापला आहे, तोच ठेवा म्हणाला आणि गेला. त्यानंतरचा दसरा आला. केंद्रात असताना मावशी दसऱ्याला लाईनी जोडायच्या बोर्डाची पूजा करायच्या. आता बोर्ड नाही, तर डबी. त्यांनी ती खाली काढून पाटावर ठेवली, पण पालथी. का, तर तिचे दिवे सारखे मिचकतात, देवापुढं बरं दिसत नाही. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि फुलाच्या शेजारी चकचकीत कागदावर पासवर्ड. आख्खी गल्ली त्या दिवशी सोनं द्यायला त्यांच्या घरी येऊन गेली.

मीही गेलो. आपट्याची पानं हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि वाकल्या-वाकल्या पाठ करून घेतला. करंजी खाऊन जा म्हणाल्या, तर थांबलो नाही. बोललो असतो तर विसरलो असतो.

मी रोज संध्याकाळी टीव्हीला मोबाईल जोडून क्रिकेट पाहायचो. आणि बरोबर सातला भिंतीपलीकडून आवाज यायचा, "अगं थांबली वं! पोरीचं तोंड उघडं ते उघडंच राह्यलं!" नात कविता म्हणायला लागायची आणि दुसऱ्या ओळीवर दगड व्हायची. मला ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. मॅच बंद करायचो नाही.

अशी दोन वर्षं गेली. एक दिवस मावशी दारात.

"गजू, कोनीतरी माह्या लाईनीवर बसलं हाय. मले कळते. तीस वर्ष काढले मी लाईनीवर. तू कम्प्युटरवर बसतं ना हापिसात? चाल, चोर धराचा हाय."

चोर चोराला धरायला निघाला. त्यांच्या मोबाईलवर डबीचं पान उघडलं. आत शिरायचा पासवर्डही कारखान्यातून आला तोच, जो दुनियेला माहीत असतो. आत यादी होती: मावशींचा मोबाईल, मावशींचा टीव्ही आणि खाली तिसरं, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. तो माझा मोबाईल होता, माझ्याच खिशात.

"हा कोन?"

"असं सांगता नाही येत मावशी, नुसत्या आकड्यांवरून."

तेवढ्यात बाहेर कुसुमबाई हसल्या. भिंतीला टेकून, मुलानं दिलेल्या नव्या मोबाईलवर काहीतरी पाहत होत्या. मावशींनी तिकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. चेहरा उतरला.

"रोज याच टायमाले तिथंच बसते ते. भिंतीले चिकटून. तीच असन काय रे?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच म्हणालो. चोरी मी दोन वर्षं केली, पण माझ्या लेखी खरा गुन्हा हा तीन अक्षरांचा आहे.

मग मी त्यांना डबीची राखण शिकवली, आणि ती मात्र मनापासून शिकवली. आधी आतल्या पानाचा पासवर्ड बदला, मग वायफायचा. "म्हंजे एक कुलूप घराचं, अन् एक जिथं किल्ल्या ठेवतो त्या पेटीचं," मावशींनी लगेच पकडलं. मागचं बटण दाबलं की पासवर्डाशिवाय जोडलं जातं, ते बंद केलं. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड.

"पासवर्ड काय ठेवू? उमरखेड एक दोन तीन?"

"मावशी, तो तर बसस्टँडवरचा कुलीही सांगेल. जन्मतारीख नको, नातीचं नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. लांब हवा."

त्या विचारात पडल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "तोंड फिरव तिकडं."

"मी?"

"ज्याले सांगतलं, त्याच्यापासूनच फुटते. फिरव."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिलो. मागे टकटक चालू. माझ्या हातानं मीच बाहेर पडलो होतो. घरी बायको म्हणाली, "काहो, ऑफिसनं बंद केलं का?" म्हटलं, काटकसर चालू आहे. आठवड्यात मी स्वतःचं जोडून घेतलं. आणि पहिल्याच संध्याकाळी भिंतीतून नातीची कविता ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चांगली लांब होती.

पण नाव बदलणंही मी शिकवून बसलो होतो. आपलं नाव, घर नंबर असलं काही वायफायला देऊ नका, एवढंच मला म्हणायचं होतं. मावशींनी नाव ठेवलं, इंग्रजी अक्षरांत: 'आपलं आपलं घ्या'. गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर ते दिसू लागलं. कुसुमबाईंच्याही. त्या दिवशी वाटी गेली नाही. तिसऱ्या दिवशी कुसुमबाईंच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू झाला आणि सगळ्यांच्या वायफायच्या यादीत नाव आलं: 'आम्ही भिकारी नाही'. मावशींचं उत्तर आलं: 'खाई त्याला खवखवे'. पानठेल्यावर माणसं सकाळी मोबाईल काढून एकमेकांना विचारायची, "आज काय आलं बे?" मीही हसायचो त्यांच्यात. मग एक दिवस कुसुमबाईंचं आलं: 'देव पाहून राह्यला'. त्या दिवशी मी मोबाईल खिशात ठेवला आणि ऑफिसात दिवसभर काढला नाही.

कुसुमबाईंकडे त्यांचं स्वतःचं नेट आहे, त्यांना चोरायची गरजच नाही, हे मी मावशींना सांगू शकलो असतो. एकदा अर्धवट सांगितलंही. त्या म्हणाल्या, "धरल्यावर घेतलं तिनं." त्या संक्रांतीला तीस वर्षांत पहिल्यांदा दोघींनी एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी मावशींचं हृदय बिघडलं. यवतमाळला नेऊन आणलं, डॉक्टरांनी हात टेकले. मी दुपारी जाऊन बसायचो. एक दिवस बसल्या-बसल्या सांगून टाकलं. दसरा, पालथी डबी, मॅच, तिसरा मोबाईल, सगळं. आधी त्या पोट धरून हसल्या, खोकला येईपर्यंत.

"अरे लेका! चोरालेच मी कुलूप लावाले बसवलं! अन् वरतून त्याले चहा पाजला!"

मग हसणं थांबलं. त्यांनी कुसुमबाईंच्या अंगणाकडे मान वळवली.

"अन् कुसुमले मी काय काय लिहून राह्यली होती रे."

"मावशी, माझं चुकलं."

"माह्यं नेट गेलं, ते गेलं. तिचं नाव गेलं. माह्यी माफी मी मागतो तिले. तुह्यी तू मागजो. मी तुह्यं नाव नाही घेनार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुसुमबाईंना निरोप धाडला. त्या आल्या, पदराखाली वाटी घेऊन. आत काय बोलणं झालं ते मला नंतर कुसुमबाईंनीच सांगितलं. मावशी म्हणाल्या, चोर तू नव्हतीस, माह्यी चूक झाली. कुसुमबाईंनी विचारलं, मग कोण होता? मावशींनी सांगितलं नाही. खूप विचारलं, तरी नाही. दोघी रडल्या, झुणका खाल्ला. बारा दिवसांनी मावशी गेल्या.

तेराव्याला कुसुमबाई माझ्या शेजारी पाटावर बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "गजूभाऊ, तुमाले एक सांगू? लोकाईचं गुपित नाही सांगे ते, पन हा तं माह्यावरचा आळ होता. चोर दुसरा असता तं वत्सलेनं मले नाव सांगतलं असतं. चोर-बिर कोनी सापडला नाही. मरता मरता माह्यी समजूत काढली तिनं. मनातून मलेच चोर समजून गेली ते."

मी म्हणालो, "नाही हो, असं कसं." आणि ताटातला भात कालवत राहिलो.

त्याला आता दीड वर्ष झालं. कुसुमबाई अजून तिथंच राहतात. सकाळी अंगण झाडताना दिसतात, मी नमस्कार करतो, त्या चहाला बोलावतात, मी ऑफिसला उशीर होतो म्हणतो. हे लिहिलेलं त्यांच्या हातात ठेवून मोकळं होता येईल, हे मला कळतं. पण मावशींनी लिहायला सांगितलं नव्हतं.

कुसुमबाईंच्या समोर उभं राहून, चोर मी होतो आणि हे वत्सलामावशींना माहीत होतं, एवढं तोंडानं सांगणं, हे मी त्यांचं देणं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.