बी धरण्याआधी कापलेला पट्टा

घटनाक्रम आधी नोंदवतो. जन्मभर न्यायालयात पेशकारी केलेल्या माणसाची लेखणी दुसरीकडून सुरू होत नाही.

ऑगस्टचा पहिला रविवार: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आमच्या उपनगरात, मुलीच्या घरासमोरच्या रस्त्याकडेच्या पट्ट्यात डाँकी ऑर्किड नावाचे रानफूल उमलले. ऑगस्टअखेर: शेजारणीच्या मदतीने केलेली तिथल्या रानफुलांची यादी व नकाशा नगरपालिकेला दिला, पोच घेतली. सप्टेंबरचा दुसरा मंगळवार: गवत कापायचे यंत्र फिरले. सारे भुईसपाट.

जबाबदार: कापणीचा आदेश देणारे अधिकारी आणि आमची यादी न वाचता दप्तरी दाखल करणारा विभाग. यंत्र चालवणारा कामगार नव्हे. त्याच्या हाती आदेश होता. एका जुन्या गुन्ह्यापुरता मीसुद्धा.

पत्नी गेल्यावर मुलीने इकडे बोलावले, तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सेलूच्या बसस्टँडवर माझा थोरला भाऊ, दादा, सोडायला आला होता. नागपूरची गाडी येईपर्यंत रुसून दूरच्या बाकावर बसला. गाडी हलल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "आता तिथं कोनाले नोटिसा धाडशीन रे? तुह्यं तिथं कोन आयकते?" मी हसलो. ते वाक्य मात्र सामानाबरोबर आले.

आता गुन्हा. आमच्या आईचा नियम होता: दुसऱ्याच्या धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, फूल तोडण्याआधी मोठ्याने सांगायचे, "घेतो वो माय, देवासाठी." धनी दिसो वा न दिसो. इथल्या पहिल्या वसंतात, सकाळी आंघोळ करून, मी निर्मनुष्य झुडपांना मराठीत तशीच वर्दी दिली आणि पूजेसाठी लाल देठाची, हिरवी कांगारू पॉ खुडली. मागे शेजारच्या मार्गारेटबाई उभ्या होत्या. परवान्याविना रानफूल तोडणे हा इथे गुन्हा आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. कायद्याच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नसते.

प्रायश्चित्त म्हणून ओळख शिकलो. मार्गारेटबाई बोट दाखवत, मी वहीत नोंदवी. कांगारू पॉ वाळूत वाढते. गडद निळी लेश्नॉल्टिया टेकड्यांच्या मुरमाड उतारावर. ती पाहिली आणि आर्वीकडच्या मुरमाची आठवण झाली. तिथे पायाखाली काय फुलते, हे मी साठ वर्षांत कधी वाकून पाहिले नव्हते. डाँकी ऑर्किड झाडांच्या विरळ सावलीत, गवतात दडून. पिवळ्या-तपकिरी फुलावर गाढवाचे दोन कान.

कापणीची बातमी फोनवर ऐकून दादा म्हणाला, "गवतापाई काऊन भांडून राह्यला बाप्पा? कुंडीत लाव ना एखादं!"

"दादा, ते कुंडीत जगत नाही. त्याच्या मुळांना त्याच मातीतली बुरशी लागते."

"मंग तू कसा जगून राह्यला?"

 फोन ठेवताना मला आईच्या नियमाचा दुसरा भाग आठवला: "शेवटचं फूल तोडू नोको, ते बियाचं हाये." त्या पट्ट्यात एकही फूल बी धरेपर्यंत ठेवलेले नाही. माझ्या हातून एक देठ गेला, त्याची मी जाहीर कबुली देतो. त्यांच्या हातून सारा पट्टा गेला, त्याचा लेखी खुलासा एका ओळीचा: "गवत वाढले होते."

सेलूच्या लोकांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर कोणते, असे तुम्ही विचारता. पेन्शन वर्ध्याच्या बँकेत येते, देव्हारा इथे आहे. यांवरून निकाल लागत नाही. ज्या जमिनीवरचे एक फूल गेले तर मला जाब विचारावासा वाटतो, तिथला मी रहिवासी. दादा, इथे माझे कोण ऐकते ते आता कळेल.

नगरपालिकेची पुढची सभा खुली आहे. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसेन. पोच दिलेली यादी हातात असताना, बी धरण्याआधी, तो पट्टा कापण्याचा आदेश कोणी दिला? त्या अधिकाऱ्याने उभे राहून, सर्वांसमक्ष, स्वतःच्या नावानिशी उत्तर द्यावे. लेखी खुलासा मी स्वीकारणार नाही.