मिसरीचे नसलेले डाग

पोर खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. वैशाखरे गावची, अठरा-एकोणीस वर्षांची. महिन्यात तिसरी खेप. कळ यायची, उलट्या व्हायच्या, मग आपोआप थांबायचं. डॉक्टरांनी दोनदा जंताचं औषध दिलं होतं.

एकोणीसशे साठ-बासष्टचा काळ. शहापूरच्या एका लहान दवाखान्यात मी एक्सरे मशीनवर होतो. शिक्षण चौथी, पण हात बसला होता. माझी बायको तिथंच आया. गेल्या वर्षी वारली. हे काम तिचं. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी लिहितो.

उलटी झाल्यावर ती पोरीचं तोंड पुसत होती. ओठांवर बारीक काळे ठिपके. आमच्याकडं बायका मिसरी लावतात, भाजलेल्या तंबाखूची. ते डाग कोण बघतो?

"किती मिसरी घासतेस गो? निघत नाय."

"मी लावत नाय, मावशी. लहानपणापासून हायेत."

बायको तशीच डॉक्टरांकडं गेली. "साहेब, त्या पोरीचे ओठ बघा."

"मिसरी आहे ती."

"तिला विचारलंत?"

डॉक्टर उठले. बॅटरी लावून गालाच्या आत बघितलं. तिथंही ठिपके. मग जाड पुस्तक काढून बसले. थोड्या वेळानं आम्हा दोघांना बोलावलं.

"असे डाग असले की लहान आतड्यात चामखिळीसारखे कोंब असतात. पॉलिप. कॅन्सर नव्हे. पण अन्नाबरोबर आतडं कोंबही पुढं ढकलतं. कोंबामागं आतडं आतड्यातच शिरतं, सदऱ्याची बाही आत ओढावी तसं. सुटलं तर कळ थांबते. अडकलं तर कुजतं, पोर मरेल."

कळ थांबल्यावर बेरियम पाजलं. कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं. एक्सरेत नुसतं आतडं दिसत नाही, बेरियम दिसतं. अर्ध्या अर्ध्या तासानं फोटो काढले. पांढऱ्या पट्ट्यात कोंबांच्या जागी तीन काळी भोकं.

बाप अडला. "पोट फाडू देनार नाय. भगताकडं नेतो."

बायको म्हणाली, "न्या. पुढच्या कळेला मग इथं आनू नका, सरळ मसणात न्या."

बापानं कागद पुढं ओढला. मग अंगठा दिला.

डॉक्टरांनी आतड्याला चीर देऊन तिन्ही कोंब काढले, आतडं शिवलं. मोठा कोंब जांभळाएवढा. मुंबईला तपासायला पाठवले, साधेच निघाले. पुन्हा येऊ शकतात, कळ आली की लगेच या, असं सांगून पोरीला सोडलं. चालत गेली.

मशीन माझ्याकडं होतं, पुस्तक डॉक्टरांकडं. पण तीन खेपांत त्या पोरीचं तोंड आम्ही दोघांनी पुसलं नव्हतं.