आधी पालथं व्हायचं

"१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. सकाळी ढगाळ. फिजिओथेरपीचा तिसरा दिवस. साडेदहाला रिक्षाने गेले. आजही जमिनीवरून उठता आले नाही. हरिओमचा लातूरहून फोन. दूधवाल्याला सांगितले, दूध एकतीस तारखेपर्यंतच."

शिवगंगाबाईंची ही पंचावन्नावी डायरी. नवरा गेल्यापासून त्या नांदेडच्या घरात एकट्या राहत होत्या. जुलैत स्वयंपाकघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण कामवाली येईपर्यंत दीड तास फरशीवर तशाच पडून होत्या. मुलानं, हरिओमनं, तेवढंच धरून ठेवलं.

"पडलीस त्याचं काही नाही आई. उठता आलं नाही, त्याचं आहे. महिनाअखेरीला उठून दाखव, नाहीतर चल माझ्याकडं लातूरला."

लातूरला सून चांगली होती, खोलीही तयार होती. पण आपल्या दाराची किल्ली आपल्या हातात असणं वेगळं.

त्यांची फिजिओथेरपिस्ट पंचशीला ही हदगावची, तिशीतली मुलगी. तिच्या दवाखान्यात दोन खाटा आणि जमिनीवर एक मोठी निळी गादी. त्या गादीवर शिवगंगाबाई बसल्या जागेवरून सरळ उठायला बघायच्या आणि परत तिथंच टेकायच्या. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, मुलींनी हात न टेकता, पाठ ताठ ठेवून उठावं. साठ वर्षं त्या तशाच उठत आल्या होत्या. "आजी, आधी पालथ्या व्हा, मग गुडघ्यांवर या," असं पंचशीलानं म्हटलं की त्या म्हणायच्या, "रांगायचं वय आहे का माझं?"

चौथ्या दिवशी गादीच्या दुसऱ्या टोकाला हिमायतनगरची कोंडाबाई नातीला घेऊन बसली. नात, बुद्धप्रिया, सातव्याच महिन्यात जन्मलेली. वर्ष उलटून गेलं तरी उभी राहत नव्हती.

"म्याडम, तुमच्याकडं करंटची मशीन हाय म्हनं. लावा की पोरीला."

"ही घ्या मशीन," म्हणत पंचशीलानं बुटक्या स्टुलावर खुळखुळा ठेवला.

उताणी पडलेली पोर कुशीवर वळली. मग पालथी झाली. हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर आली, रांगत स्टुलाशी गेली, दोन्ही हात वर टेकले, एक पाऊल पुढं रोवलं. तिथं अडली आणि धपकन बसली.

शिवगंगाबाईंनी पिशवीतून डायरी आणि पेन काढलं. "पुन्हा करायला लाव गं तिला."

"काय लिहून राहिल्या, बाई?" कोंडाबाईनं विचारलं.

"ही उठते कशी, ते. सरळ उठायला बघतच नाही."

"कशी बघंल? बूड जड हाय तिचं."

"माझंही आहे."

कोंडाबाई पदर तोंडाला लावून हसली. "मग व्हा की पालथ्या! हितं कोन बघून राहिलंय? माझी नात तर सांगत न्हाई कुनाला."

"आजी, बाळंतीण येऊ दे, नाहीतर ऑपरेशन झालेला माणूस," पंचशीला म्हणाली, "मी आधी कुशीवर वळता येतं का, तेच बघते. उठायच्या पायऱ्या सगळ्यांना त्याच, वयाप्रमाणं फक्त अडायची जागा बदलते."

"माझं कुठं अडतं?"

"पहिल्याच पायरीला. तुम्ही वळतच नाही."

शिवगंगाबाईंनी तेही लिहिलं. मग पेन ठेवलं आणि वळल्या. गुडघ्यांखाली जुनी चादर, समोर भक्कम खुर्ची. रांगणं जमलं, पण एक पाऊल पुढं रोवून त्याही अडल्या, पोर अडली होती तिथंच. मांड्यांत जोर यावा म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठबस सुरू झाली. चोवीस तारखेला बुद्धप्रिया दहा आकडे मोजेपर्यंत स्टुलाला धरून उभी राहिली.

"हरलात, बाई, माझी नात आधी उठली," कोंडाबाई म्हणाली.

एकतीसला हरिओम सामानासाठी रिकामी खोकी घेऊनच आला. शिवगंगाबाई स्वयंपाकघरात, जुलैत पडल्या होत्या त्याच जागी, आडव्या झाल्या. तो धावला.

"हात मागं घे."

कुशीवर. पालथ्या. गुडघ्यांवर. खुर्चीशी. एक पाऊल पुढं रोवल्यावर मांडी थरथरायला लागली. हरिओमचा हात पुन्हा पुढं आला, त्यानंच तो मागं घेतला. शिवगंगाबाई उठल्या, वळल्या आणि खुर्चीत बसल्या.

"किती वेळ लागला?" धापा टाकत त्यांनी विचारलं.

"घड्याळ कुठं बघितलं मी!"

"मग डायरीत काय लिहू? पुन्हा करते."

"नको, आई, नको!" म्हणत तो खोकी उचलून गाडीत ठेवायला गेला.

रात्री त्यांनी लिहिलं: "दूधवाल्याला निरोप दिला. उद्यापासून नेहमीप्रमाणे अर्धा लिटर."