विमलचा देवमासा

माझ्या ताटातली पहिली सांबारवडी, म्हणजे आमची नागपुरी कोथिंबिरीची वडी, मी आयुष्यात कधी खाल्ली नाही. ती विमल खायची. प्रताप नगरात आमच्या दोन घरांमध्ये कंबरभर उंचीची भिंत होती. माझ्या कढईतून वडी निघाली की भिंतीवरून हात यायचा. "तुह्यासाठीच पाहून राहिली वं. तिखट झाली असन त तुले ठसका लागन." दुसरी वडीही ती माझ्यासाठीच खायची. तिसरी मात्र ती मला आग्रहाने वाढायची, माझ्याच ताटात.

विमल पारशिवनीची, शेतकऱ्याघरची. हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा, की तिने मला फोन लावला तर तो वाजण्याआधीच भिंतीवरून ऐकू यायची. जंगलाच्या काठावर वाढलेली, त्यामुळे कुठल्याही जनावराचा विषय निघाला की हात झटकायची. "मले नोको सांगू. आमच्या वावरात वाघ येऊन जाये." तो वाघ तिने स्वतः पाहिला होता का, हे मात्र तिच्या माहेरच्यांनाही कधी नीट सांगता आलं नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका सहलीबरोबर श्रीलंकेला गेलो. मी तेव्हा नुकती साठीत शिरलेली, म्हणजे अगदी बावळट वय. त्या दिवशी सकाळी समुद्रात देवमासा, दुपारी कासवं, संध्याकाळी किल्ला असा बेत होता. कासवं आणि किल्ला गेले खड्ड्यात; मी आले होते ती देवमाशासाठी. आमचा गाइड निमल मोडक्या हिंदीत म्हणाला, "माताजी, गोली खा लो. पानी बहुत हिलता है." मी हसले. अंबाझरीच्या तलावात नाव वल्हवलेली बाई मी, मला कसली गोळी देतोस? वर घरून आणलेल्या पुऱ्या लोणच्याबरोबर हाणल्या.

किनारा दिसेनासा झाला आणि पुऱ्या परत निघाल्या. विमलने मला बाकावर आडवं केलं. सहलीसाठी खास शिवलेल्या ड्रेसची तिची ओढणी माझ्या डोळ्यांवर घट्ट बांधली. "उघडू नोको वं, अजून गरगरन. मी आहो न." पाठीवरून एक हात फिरायला लागला. मग नाव एकदम एका बाजूला कलली. माणसं ओरडली, "आला! आला!" त्या सगळ्या कल्लोळातही तो हात जागचा हलला नाही.

ओढणी सोडली तेव्हा समुद्र रिकामा होता. मी विचारलं, "तू तरी पाहिलास ना?"

"काहून पाहीन? मी त तुह्यासाठी थांबली. तुले अशी टाकून मासे पाहू का?"

मी मेली तिच्या गळ्यात पडून रडले.

नागपूरला आल्यावर त्या त्यागाची कीर्तनं मीच केली. भिशीत केली, हळदीकुंकवात केली, नातवाला झोपवताना गोष्ट म्हणून सांगितली. तेव्हापासून बसमध्ये खिडकी तिची. तिसरी वडीही तिची. कोणी विचारलं, "देवमासा पाहिलात का हो?" की मी विमलकडे बोट दाखवायची, "हिने माझ्यासाठी नाही पाहिला!" विमल मान खाली घालायची. मला वाटायचं, काय हा विनय!

मागच्या नवरात्रात आम्ही कोराडीला देवीच्या दर्शनाला निघालो. वीज केंद्राच्या मनोऱ्यातून वाफेचा पांढराशुभ्र लोट उठला, आणि खिडकीत बसलेल्या विमलने माझा दंड गच्च धरला. "अगदी अस्साच उडला होता वं! मंग पाठ दिसली..."

आणि तिने जीभ चावली.

"काय उडलं होतं?"

"काही नाही. वाफ."

"विमल, पाठ कोणाची दिसली?"

ती बाहेर बघायला लागली. माझ्या खिडकीतून. मग म्हणाली, "काय करू मंग? तू त ओकूनच राहिली होती. दोघींनीबी बुडवाचा होता का मासा?"

"आणि माझ्या पाठीवर हात कोणाचा होता?"

"निमलचा," ती पुटपुटली. "मोठा चांगला पोरगा होता."

देवीपुढे मी हात जोडले, पण मनात विमलला शिव्या चालल्या होत्या. मासा हुकल्याचं दुःख जुनं झालं होतं. पण ज्या हाताला मी इतकी वर्षं खिडकी दिली, तो हात तिचा नव्हताच, हे जिव्हारी लागलं. परतीच्या बसमध्ये ती हळूच म्हणाली, "सांगू का कसा होता? अजून कोणालेच सांगितला नाही मी. तू सांगाची सोयच कुठं ठेवली?"

"एक शब्द नको," मी म्हटलं.

त्यानंतर भिंतीवरून हात आला नाही. मी मुद्दाम वड्या तळल्या, वास तिकडे जाईल अशा बेताने; पहिली वडी मात्र ताटात तशीच राहायची. एकदा फक्त आवाज आला, "सांगू का वं?" मी खाडकन खिडकी लावून घेतली. थंडीत एका पहाटे ती झोपेतच गेली. देवमासा घेऊन गेली. त्या दिवशी पहिल्यांदा पहिली वडी माझ्या वाट्याला आली म्हणायची, पण ती तळायला कढई चढवणार कोण?

आता मला ठाऊक आहे पुढे काय होणार ते. माझी पाळी येईल तेव्हा बाई तिकडच्या दारात उभी असेल. आधीच सगळीकडे हिंडून, सगळं पाहून, चाखून, आणि चेहरा असा साळसूद! म्हणेल, "मी काहीच नाही पाहिलं वं. तुह्यासाठीच थांबून राहिली." आणि मी बावळट पुन्हा तिच्या गळ्यात पडेन.

पण रडण्याआधी एवढं विचारून घेईन: पाठ दिसली, आणि मंग?