जॅकवरून उतरलेली गाडी

देवगाव फाट्यावर माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान होतं. आता मुलगा कॉम्प्युटरवर तेच काम करतो. मी दोरी आणि टेपने करायचो. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची, अंतर मोजायचं आणि टाय रॉड फिरवून चाकांची तोंडं सरळ करायची. त्याआधी मात्र एक काम चुकवायचं नाही. जॅकवरून खाली घेतलेल्या गाडीची चाकं तिरपी टेकतात. गाडी थोडी मागेपुढे ढकलायची, बॉनेट दाबून हलवायचं, ती आपल्या वजनावर बसली की मगच माप घ्यायचं, नाहीतर माप चुकतं. हे मी कितीतरी जणांना शिकवलं.

सेलूच्या एका सरांची गाडी आली, तो लग्नतिथीचा दिवस होता. दुकानापुढे गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. नवे टायर घालून गाडी खाली घेतली, पण ढकलायला जागाच नव्हती.

सरांचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, मागची जीप काढायला लावू का? ढकलून घिऊ."

"आता तू मला शिकवायलास का?" म्हणत मी तशीच दोरी लावली.

काही महिन्यांनी सर गाडी घेऊन आले. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने खाल्ले गेले होते. मी रबरावरून तळहात फिरवला. एकीकडून गुळगुळीत, उलटीकडून करवतीसारखं. माझं माप चुकून चाकांची तोंडं बाहेर फाकली होती, हे हाताला लगेच कळलं. सरांचा संशय ड्रायव्हरवर होता. हा चोरून ऊसतोडीच्या लोकांची भाडी मारतो, कच्च्या रस्त्याने गाडी घालतो, असं त्यांना वाटत होतं.

"तुम्हीच सांगा मिस्त्री, हे कशानं झालं?"

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. तो निर्धास्त होता. काका खरं सांगतील, एवढा त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी म्हणालो, "वापर लय रफ दिसायलाय सर."

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. फाट्यावर त्याचं नाव ‘चोरभाडं’ पडलं. मग कुणीच त्याच्या हातात गाडी दिली नाही. बायकोला घेऊन तो ऊस तोडायला गेला. जी मजुरी सोडून तो स्टेअरिंगवर बसला होता, तीच पुन्हा. फाट्यावर त्याची टिंगल चालायची आणि मी तिथेच बसून चहा प्यायचो.

सर आता हयात नाहीत. यंदा साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर ड्रायव्हर गावी परतला, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. त्याने बाज टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

"मला काय सांगायलात काका?" तो म्हणाला. "मला तवाच कळलं व्हतं. जीप काढू का, हे म्याच इचारलं न्हवतं का? फाट्यावर सांगा. जे हसले, त्यायला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. ड्रायव्हर मंडळी चहाला जमली होती. मी झालेलं सगळं सांगितलं, पण बोलताना माझी नजर जमिनीवरच होती.

"मंग इतके दिवस तोंडात काय गुटखा व्हता का काका?" एकजण म्हणाला. सगळे हसले. सवयीने मीही हसायला गेलो, पण जमलं नाही.

"मोठ्यानं सांगा," दुसरा म्हणाला, "तिकडं जीपवाल्यायला ऐकू आलं न्हाई."

मी बाकावरून उठलो, बाहेर उभ्या जीपांकडे तोंड केलं आणि सरांच्या ड्रायव्हरचं नाव घेऊन पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.