आमच्या गावची अडकलेली रेकॉर्ड

गेल्या महिन्यात मुलीनं मोबाईलवर एक ऑडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "अप्पा, तुमचा सोंगाड्या सापडला! कुणीतरी जुन्या रेकॉर्डवरून उतरवून टाकलंय." मी हातातला चहा बाजूला ठेवला, फोन कानाला लावला आणि थोड्याच वेळात माझं डोकं फिरलं. लगेच तिला फोन केला.

"हे चूक आहे."

"चूक कसं असेल, अप्पा? रेकॉर्डच आहे ना ती?"

"अगं, पण यात तो अडकतच नाही!"

ती हसत सुटली. हसू दे. जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केली, लोकांशी हुज्जत घालायची सवय आहे मला. पण त्या सोंगाड्यावरून कुणी मला शिकवायला लागलं की मी ऐकून घेत नाही.

माझे चुलते लाऊडस्पीकरवाले. काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. आसपास कुठंही लग्न असलं की लिंबाच्या झाडावर कर्णा आमचाच. सकाळी देवाची गाणी, मग सिनेमाची. लग्नाची वेळ टळून गेली, रुसलेल्या पाहुण्यांची समजूत पटेना, की चुलते पेटीतून एक छोटी तबकडी काढायचे. ती या सोंगाड्याची. सोंगाड्या म्हणजे तमाशात लोकांना हसवणारा गडी. हा पारनेरकडचा. कव्हरवर त्याचा फोटो होता. तिरका फेटा, गालावर हात आणि चेहरा असा, की आत्ताच कुणी दावणीची म्हैस सोडून नेलीय. कंपनीनं त्याची एवढी एकच रेकॉर्ड काढली आणि तीही फारशी कुठं गेली नाही. नगरच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणायचा, असा कुणी नाहीच. आमच्या गावाला मात्र ती तोंडपाठ.

त्यात गोष्ट अशी. नवा जावई पहिल्यांदा सासुरवाडीला जेवायला बसलाय. आईनं बजावून पाठवलंय, हावऱ्यासारखं करू नको, दोनदा 'पुरे' म्हण आणि तिसऱ्या आग्रहाला ताट पुढं कर. सासू विचारते, वाढू का? जावई म्हणतो, पुरे. सासू पुन्हा विचारते. जावई पुन्हा, पुरे. सासू पातेलं उचलून आत निघून जाते आणि हा कळवळून ओरडतो, "अवो मामी, तिसऱ्यांदा इचारायचं राह्यलं की!"

हा खरा विनोद. तो आम्ही कधी ऐकलेलाच नव्हता.

कारण नवी तबकडी मशिनवर चढवली, ती वाजायच्या आतच वरातीतल्या एका बुजलेल्या बैलाचा पाय वायरीत गुंतला, मशिन टेबलावरून खाली आलं आणि तबकडीवर ओरखडा उठला. तेव्हापासून आमचा जावई दुसऱ्या 'पुरे'ला अडकायचा. पुरे, पुरे, पुरे, पुरे... चुलते हातातली विडी संपवून सावकाश उठायचे आणि पिनेला बोटानं टिचकी मारायचे. पिन उडी मारून थेट शेवटावर जायची, तिथं जावई घरी येऊन आईपुढं भाकरी हाणत बसलेला असायचा. मधली सासूची फजिती गायब. पण लोक त्यावरच पोट धरून हसायचे. लाजरा माणूस 'पुरे' म्हणायला लागला आणि त्याला थांबताच येईना, ह्यात आणखी सांगायचं राहिलंच काय?

पुढं पुढं ते पंगतीतही आलं. वाढपी बुंदी घेऊन आला की आमचे लोक 'पुरे, पुरे, पुरे' सुरू करायचे आणि वाढप्यानं खांद्यावर टिचकी मारल्याशिवाय थांबायचे नाहीत. बाहेरगावचे वऱ्हाडी तोंडाकडं बघत राहायचे. एकदा अकोल्याकडचे पाहुणे आले होते. त्यांना वाटलं, गावात काहीतरी साथ आलीय.

आणि मग एका यात्रेला तो सोंगाड्याच आला. खराखुरा! मी तेव्हा नोकरीला लागून स्थिरावलेला, खास रजा टाकून आलो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या फडाला देवळापुढं हजेरी द्यावी लागते. दिवसाउजेडी खेळ, त्यामुळं बाया, म्हाताऱ्याकोताऱ्या सगळ्या येऊन बसतात. त्याआधी ढोलकीवाला आमच्या ओट्यावर चहाला टेकला आणि हळूच चुलत्यांना म्हणाला, "म्हातारं हाय त्ये आता. मालक म्हनलाय, आज हशा न्हाई आला तर उद्यापासून नवा गडी. म्हाताऱ्याला ठावं हाय. सकाळपासून पान्याचा घोट घेतला न्हाई त्यानं."

चुलत्यांनी बशी खाली ठेवली. त्यांचा जीव होता त्या माणसावर. कधी भेट नाही, बोलणं नाही, पण माझ्या चुलतीपेक्षा त्यांनी त्याचाच आवाज जास्त ऐकला असेल.

तो देवळापुढच्या चौथऱ्यावर उभा राहिला. फोटोतला तो चेहरा पार सुकून गेलेला. पण आवाज तोच! त्यानं जावयाचीच गोष्ट धरली आणि सगळं गाव सरसावून बसलं. पहिलं 'पुरे'. दुसरं 'पुरे'. आम्ही श्वास धरला. आणि तो सरळ पुढं गेला. सासू गेली, तो कळवळून ओरडला, तिसऱ्यांदा इचारायचं राह्यलं की... आणि कुणी हसेना. एक माणूस हसेना! सगळे वाट बघतायत, हा अडकणार कधी?

त्यानं मालकाकडं बघितलं. मालक मांडी घालून बाजूला बसलेला, त्यानं मान फिरवली. म्हातारा पुढं आला, हात जोडले. "मायबाप, आमचं काय चुकलं का?"

शरमेनं मला मेल्यासारखं झालं. आम्हीच गाढव, आणि हात हा जोडतोय! तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, तू अडाकला न्हाईस!"

"कुटं अडकू, आये?"

"आता! पुरेपशी. आमच्या रेकार्डीत तू रोज अडाकतुस की."

त्याला उमजायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा जो उजळला, देवा! त्यानं फेटा तिरका केला, मांडी घातली, समोर ताट आहे असं धरलं आणि सुरू झाला. "पुरे. पुरे. पुरे. पुरे..." आधी लाजत, मग घाबरत. मग थांबायचंय पण थांबता येत नाही म्हणून स्वतःचंच तोंड दाबत, आणि बोटांच्या फटीतून पुन्हा "पुरे, पुरे". रडत पुरे, झोपेत पुरे. बाया पदर तोंडात कोंबून लोळायला आल्या. माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. मालकसुद्धा डोळे पुसत होता. त्यानं म्हाताऱ्याला त्या साली काढलं नाही आणि पुढंही कधी काढलं नाही.

पण त्या घडीला म्हातारा लाल झालेला, धाप लागलेली, तरी थांबेना. चुलत्यांना राहवेना. हे गडी उठले, भरल्या सभेतून वाट काढत वर चढले आणि त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. तो टपकन थांबला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या, काही ऐकू येईना. तो चुलत्यांच्या गळ्यात पडला आणि कानाशी काहीतरी बोलला. आम्हाला वाटलं, आभार मानतोय.

घरी आल्यावर चुलते ओट्यावर बसले, टोपी काढली आणि मला म्हणाले, "मी उगं गेलो रे वर."

"का? काय म्हणाला तो?"

"म्हनला, दादा, येवढ्यात कशाला आलात? लई दिसांनी लोक हसत हुते वो."